क्लाउडवर गेलं म्हणजे सुरक्षित झालं?

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव किंवा दौंडमधल्या कुरकुंभ एमआयडीसीत एखाद्या कारखान्याने हजेरी, साठा, बिलं क्लाउडवर नेली, की सुरक्षेची जबाबदारी आता क्लाउडवाल्यांची, असं सर्रास मानलं जातं. हा समज अर्धाच खरा आहे. मायक्रोसॉफ्टचं क्लाउड केंद्र 2015पासून पुण्यात आहे; तिथली इमारत, वीज, यंत्रं सांभाळणं त्यांचंच काम. पण त्यावर चालणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरमधली चूक आपल्याबरोबरच तिथे जाते. एसक्यूएल इंजेक्शन ही त्यातलीच. शोधायच्या चौकटीत कामगार क्रमांक 125 टाकला, की निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्राम तो डेटाबेसच्या आज्ञेत जसाच्या तसा जोडतो. तिथे कुणी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ‘125 किंवा 1 = 1’ असं लिहिलं, तर ती अट प्रत्येक नोंदीला लागू पडते आणि सगळ्यांचीच माहिती समोर येते. पासवर्ड फोडावाच लागत नाही. अवतरणचिन्हं गाळली की भागतं, असं म्हणणाऱ्यांनी हेच उदाहरण पाहावं. त्यात अवतरणचिन्ह लागतच नाही.

लॉगिन असलं की धोका टळतो, हेही खरं नाही. क्लाउडचा कारभार पाहणाऱ्या मॅनेजआयक्यू आणि रेड हॅट क्लाउडफॉर्म्स या सॉफ्टवेअरमधली त्रुटी सीव्हीई-2013-2050 या क्रमांकाने नोंदलेली आहे. लॉगिन केलेला वापरकर्ता तिच्यातून डेटाबेसला हवी ती आज्ञा देऊ शकत होता. कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांपासून सगळ्यांकडे लॉगिन असतं, शिवाय अशा सॉफ्टवेअरच्या हाती अनेक सर्व्हरचा कारभार असतो; म्हणून इथली फट मला जास्त गंभीर वाटते. प्रोग्राम लिहायच्या आधुनिक चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) अशा चुका होत नाहीत, हा आक्षेपही टिकत नाही: मॅनेजआयक्यू रूबी ऑन रेल्स या अशाच चौकटीवर बांधलेलं आहे. चौकट सुरक्षित मार्ग देते, तो वापरणं प्रोग्रामरच्या हाती राहतं. मे 2023मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या अशाच त्रुटीला तर लॉगिनही लागलं नाही, आणि त्याची क्लाउड आवृत्तीही त्यातून सुटली नाही. ‘आम्हा लहानांना कोण शोधणार’ असं म्हणणंही धोक्याचं, कारण इंटरनेटवरच्या फटी आपोआप चालणारी साधनं हुडकतात आणि ती उलाढाल विचारत नाहीत.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. आज्ञेचा साचा आधी ठरवायचा आणि वापरकर्त्याने भरलेली माहिती वेगळी, निव्वळ माहिती म्हणून द्यायची; मग ती आज्ञा बनू शकत नाही. सॉफ्टवेअर विकत घेताना पुरवठादाराला हे विचारावं, आणि प्रोग्रामच्या डेटाबेस खात्याला नोंदी पुसायचा अधिकार खरोखर लागतो का, हेही.