फळी घडवण्याला लागणारी वर्षे

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात आणि त्यांतले पाच जण चेंडूच्या रेषेवर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि टोकांना टॅकल, अशी ही आक्रमणाची फळी. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो, तो स्नॅप. त्या क्षणापासून पाचही जणांचे काम एकच, समोरच्याला अडवणे. पास टाकायचा असेल तर क्वार्टरबॅकभोवती अडीच-तीन सेकंद कडे धरून ठेवायचे. चेंडू घेऊन धावायचे असेल तर समोरच्या माणसाला मागे रेटून वाट काढायची. यांच्या पाठीवर 50 ते 79 मधले आकडे असतात, आणि पंचांना आधी कळवल्याशिवाय या आकड्यांच्या खेळाडूला पास झेलता येत नाही. गुण, झेल, पळून काढलेले यार्ड यांतले काहीच सहसा त्यांच्या नावावर लागत नाही. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, संघाचे भवितव्य मात्र बऱ्याच अंशी याच पाच जणांवर ठरते. या जागांवरचा तरुण खेळाडू तयार व्हायला जितका वेळ लागतो, तितका वेळ द्यायला ही लीग सहसा तयार नसते. त्यातून मार्ग काढणारे संघ थोडे आहेत.

या खेळाडूंच्या कौशल्याला आजचे रूप आले ते 1978 च्या नियमबदलाने. त्याआधी पाससाठी अडवताना हात छातीशी आखडून ठेवावे लागत. 1978 पासून हात लांब करून उघड्या तळव्यांनी अडवण्याची मुभा मिळाली आणि फळीच्या खेळाडूची खरी विद्या हातांत आली. तळवे समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने, त्याच्या हातांच्या आधी पोचले पाहिजेत. कोपर बाहेर गेले की जोर संपतो, आणि पकड खांद्याच्या बाहेर गेली की पंचांचा पिवळा रुमाल पडतो. दुसरी विद्या पायांची. टोकाच्या टॅकलला पाससाठी अडवताना तिरके मागे सरकावे लागते. बाहेरचा पाय मागे फेकायचा आणि आतला त्यामागे ओढायचा. याला किक स्लाइड म्हणतात. दीडशे किलोच्या आसपासच्या माणसाने उलट्या पावलांनी सरकत जायचे, तेही पूर्ण वेगाने चालून येणाऱ्या, आपल्यापेक्षा हलक्या आणि चपळ प्रतिस्पर्ध्यासमोर तोल न सोडता. माणसाचे शरीर आपणहून असे कधीच हलत नाही. ही हालचाल हजारो वेळा घोटूनच अंगवळणी पडते.

तालमीतल्या पैलवानाला हे सारे ओळखीचे वाटेल. कंबर खाली, पाठ ताठ, समोरच्याच्या खाली शिरून त्याचा तोल काढायचा. या नात्याचा एक पुरावाच आहे. स्टीफन नील हा कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डचा विद्यापीठ पातळीवरचा कुस्ती विजेता. 1999 च्या अंतिम फेरीत त्याने ब्रॉक लेस्नरला हरवले होते. महाविद्यालयात तो फुटबॉल खेळलाच नाही. तरीही न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या दान्ते स्कारनेकिया या प्रशिक्षकांच्या हाताखाली तो गार्ड म्हणून तयार झाला आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या तीन संघांत राहिला. अंगातली ताकद आणि तोल त्याने कुस्तीतून आणला होता. बाकीचे सगळे शिकायला मात्र त्याला काही वर्षे द्यावी लागली.

शरीराइतकेच डोकेही घडवावे लागते. स्नॅपच्या आधीच्या काही सेकंदांत सेंटर बचावाची मांडणी वाचतो आणि कोणी कोणाला अडवायचे ते ओरडून सांगतो. स्नॅप झाल्यावर बचावाचे दोन खेळाडू एकमेकांच्या मागून फिरून जागा बदलतात, किंवा मागचा एखादा अचानक धावून येतो. अशा वेळी गार्ड आणि टॅकल यांनी क्षणार्धात माणसांची अदलाबदल करायची असते, बोलायला वेळ नसताना. परक्या मैदानावर गोंगाटामुळे क्वार्टरबॅकचा आवाजही पोचत नाही. मग सेंटरच्या डोक्याच्या हालचालीवर किंवा गार्डच्या हाताच्या थापेवर पाच जणांना एकाच वेळी सुटावे लागते. चार जणांनी बरोबर केले आणि एक चुकला, तरी क्वार्टरबॅक आडवा होतो. म्हणूनच प्रशिक्षक एकेका खेळाडूपेक्षा शेजारी उभ्या राहणाऱ्या दोघांच्या जोडीचा विचार अधिक करतात, आणि तीच पाच माणसे हंगामभर टिकावीत म्हणून जिवाचा आटापिटा करतात.

एनएफएलला स्वतःची कनिष्ठ लीग नाही. युरोपातली एनएफएल युरोप ही स्पर्धा 2007 मध्ये बंद झाली, तेव्हापासून तरुणांचा पुरवठा जवळजवळ संपूर्णपणे विद्यापीठांकडून होतो. तिथल्या अनेक संघांचा खेळ गेल्या दोन-तीन दशकांत पसरट झाला आहे. क्वार्टरबॅक चटकन पास टाकून मोकळा होतो, फळीचे खेळाडू हात जमिनीला न टेकता उभ्यानेच सुरुवात करतात, आणि खेळी बाजूच्या फलकावरच्या खुणांवरून कळते. विद्यापीठाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण त्यांना या शनिवारचा सामना जिंकायचा असतो. त्यातून येणारा बावीस वर्षांचा टॅकल मात्र व्यावसायिक संघात आल्यावर अनेक बाबतींत नवशिका ठरतो. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा आंद्रे डिलार्ड हे याचे ठळक उदाहरण. तिथले प्रशिक्षक माइक लीच यांच्या पासवर बेतलेल्या पद्धतीत तो उत्तम तयार झाला होता आणि पासचा बचाव करताना त्याचे पाय सुरेख चालत. 2019 मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, फिलाडेल्फिया ईगल्सने क्रमवारीत पुढे सरकून 22 व्या क्रमांकावर त्याला निवडले. समोरच्याला रेटण्याचे, ताकदीला ताकदीने थोपवण्याचे काम त्याच्या वाट्याला आधी फारसे आलेच नव्हते.

निवडीआधी इंडियानापोलिसला चाचण्या होतात. 40 यार्डांची धाव, 102 किलोचे वजन छातीवरून किती वेळा उचलले, हाताची लांबी, उडी, सगळे मोजले जाते. या आकड्यांना अर्थ आहे, पण मर्यादित. 2013 च्या निवडीत पहिल्या चारांत तीन टॅकल होते: पहिला एरिक फिशर, दुसरा ल्यूक जोकल, चौथा लेन जॉन्सन. टेक्सस ए अँड एमचा जोकल तिघांत सर्वांत सफाईदार मानला जाई. जॅक्सनव्हिलच्या संघाने त्याला आधी उजव्या बाजूला ठेवले. ऑक्टोबरमध्ये डाव्या टॅकलची विक्री झाल्यावर त्याला तिकडे हलवले आणि त्या जागेवरच्या पहिल्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. 2017 नंतर तो लीगमध्ये दिसला नाही. लेन जॉन्सन हा मुळात क्वार्टरबॅक. ओक्लाहोमा विद्यापीठात त्याने वजन वाढवत तीन जागा बदलल्या आणि टॅकल म्हणून तो सर्वांत कच्चा होता. पण फिलाडेल्फियात त्याला उजवी बाजू देण्यात आली आणि तिथेच ठेवण्यात आले. दहा वर्षांनंतरही त्या जागेवरच्या सर्वोत्तम खेळाडूंत त्याचे नाव होते. गुणवत्ता दोघांतही होती. स्थैर्य एकालाच मिळाले.

वेळेची टंचाई करारांतूनही येते. खेळाडू संघटनेबरोबरच्या 2011 च्या करारानुसार दिवसाला दोनदा जड सराव करणे बंद झाले, आणि हंगामात पूर्ण संरक्षक साहित्यानिशी सरावाचे फक्त 14 दिवस उरले. हंगामाबाहेरच्या सरावात अंगाला अंग भिडवायची परवानगीच नाही. मेंदूच्या दुखापतींचा विचार करता हे बंधन हवेच होते. पण पास टाकणारा आणि झेलणारा हलक्या कपड्यांतही शिकू शकतात. फळीचा खेळाडू समोरच्याला भिडल्याशिवाय शिकू शकत नाही. त्यात पहिला करार चारच वर्षांचा. तीन वर्षे शिकवून तयार झालेला खेळाडू चौथ्या वर्षानंतर दुसरा संघ घेऊन जाऊ शकतो. सराव पथकात ठेवलेल्या तरुणाला तर कोणताही संघ आपल्या 53 जणांच्या मुख्य यादीत उचलून नेऊ शकतो. 2020 च्या करारात एक चांगली तरतूद झाली. सामन्याच्या दिवशी 48 खेळाडू सज्ज ठेवायचे असतील तर त्यांत किमान आठ जण आक्रमणाच्या फळीचे हवेत, असे ठरले. त्यामुळे राखीव तरुणाला निदान सामन्याच्या दिवशी मैदानाकाठी जागा मिळू लागली.

फिलाडेल्फियाचे उदाहरण इथे सविस्तर पाहण्याजोगे आहे. जेफ स्टाउटलंड हे 2013 मध्ये अलाबामा विद्यापीठातून तिथे फळीचे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्या आधी, 2011 मध्ये, हॉवर्ड मड हे प्रशिक्षक असताना सहाव्या फेरीत 191 व्या क्रमांकावर जेसन केल्सी हा सेंटर निवडला गेला होता. सिनसिनाटी विद्यापीठात तो शिष्यवृत्तीशिवाय, दुसऱ्याच जागेसाठी आला होता, आणि जेमतेम 127 किलोचा सेंटर एनएफएलमध्ये टिकेल असे बहुतेकांना वाटत नव्हते. मड यांना मात्र चपळ सेंटर हवा होता. केल्सी तेरा हंगाम खेळला आणि मार्च 2024 मध्ये निवृत्त झाला.

त्याची जागा घेणारा निवृत्तीच्या दोन वर्षे आधीच संघात आला होता. नेब्रास्काचा कॅम जर्गन्स 2022 मध्ये दुसऱ्या फेरीत घेतला गेला. पहिले वर्ष त्याने केल्सीच्या मागे राखीव म्हणून काढले, दुसऱ्या वर्षी शेजारी उजवा गार्ड म्हणून खेळला, तिसऱ्या वर्षी सेंटर झाला. ज्याची जागा घ्यायची, त्याच्याच बाजूला उभे राहून ती शिकायची, याहून चांगली शाळा शोधून सापडणार नाही.

जॉर्डन मायलाटाची कथा याहून विलक्षण. सिडनीत सामोअन कुटुंबात वाढलेला, सहा फूट आठ इंच उंच हा तरुण रग्बी लीग खेळत असे. एनएफएलच्या आंतरराष्ट्रीय खेळाडू योजनेतून फ्लोरिडात काही महिने सराव करून तो 2018 च्या निवडीत आला. सातव्या फेरीत, 233 व्या क्रमांकावर ईगल्सने त्याला घेतले, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. 2018 आणि 2019 या दोन्ही हंगामांत तो एकाही अधिकृत सामन्यात उतरला नाही. पाठही दुखावलेली होती. तरीही संघाने त्याला 53 जणांच्या यादीत धरून ठेवले, कारण सराव पथकात टाकला असता तर तो हातचा गेला असता. दिवसाआड बदलणाऱ्या याद्यांच्या लीगमध्ये अशी जागा अडवून ठेवणे हा मोठाच निर्णय होता. ऑक्टोबर 2020 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध तो पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. 2021 मध्ये डाव्या टॅकलच्या जागेसाठी त्याची आणि डिलार्डची उघड स्पर्धा लावली गेली. 22 व्या क्रमांकाच्या खेळाडूवर संघाने खूप काही खर्च केले होते, पण जागा 233 व्याला मिळाली. त्याच सप्टेंबरमध्ये त्याच्याशी चार वर्षांचा 6 कोटी 40 लाख डॉलरांचा करार झाला. टीव्हीवर खेळाडू आपापल्या विद्यापीठाचे नाव सांगतात तेव्हा मायलाटा जेफ स्टाउटलंड युनिव्हर्सिटी असे सांगतो.

संयम हा एकच रस्ता आहे असे मात्र नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स सुपर बोलमध्ये टाम्पा बेकडून 31-9 असे हरले. दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतींमुळे बाहेर होते आणि क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला सामनाभर पळत राहावे लागले. पुढच्या हंगामात त्यांनी पाचही जण नवे उभे केले. त्यांत दुसऱ्या फेरीतला सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीतला गार्ड ट्रे स्मिथ हे दोघे नवखे होते आणि पहिल्या सामन्यापासून खेळले. ते यशस्वी झाले, पण त्यांच्या ओळीत जो थूनीसारखा अनुभवी गार्ड मुद्दाम आणून बसवला होता. दोघेही विद्यापीठात प्रदीर्घ काळ खेळलेले आणि तिथे अंगाला अंग भिडवून खेळायला शिकलेले होते. तयार माणूस मिळाला तर थांबायची गरज नाही. प्रश्न आहे तो असा माणूस मिळणे दुर्मीळ होत चालल्याचा.

मनाची काळजी हा या प्रशिक्षणाचा अलीकडे उघडपणे बोलला जाणारा भाग. फळीच्या खेळाडूचे नाव ध्वनिक्षेपकावर येते ते बहुधा चूक झाल्यावरच. ईगल्सचाच गार्ड ब्रँडन ब्रूक्स याने 2016 मध्ये, आणि लेन जॉन्सनने 2021 मध्ये तीन सामन्यांना मुकल्यावर, चिंताविकाराबद्दल स्वतःहून जाहीरपणे सांगितले. संघातल्या तरुणांच्या दृष्टीने या दोघांचे बोलणे कोणत्याही तंत्राच्या धड्याइतकेच मोलाचे होते.

या सगळ्याचे फळ 2024 च्या हंगामात दिसले. चेंडू घेऊन धावणाऱ्या ईगल्सच्या सेक्वान बार्कलीने नियमित हंगामात 2,005 यार्ड धाव घेतली, ती या फळीने काढलेल्या वाटांमधून. न्यूयॉर्क जेट्सने 2020 मध्ये अकराव्या क्रमांकावर घेतलेला, गुडघ्याच्या दुखापतींनी मागे पडलेला मेकाय बेक्टन ईगल्समध्ये टॅकलऐवजी गार्ड म्हणून उभा राहिला. जानेवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जर्गन्सची पाठ धरलेली असताना डावा गार्ड लँडन डिकरसन सेंटर झाला. मध्येच त्याचा गुडघा दुखावला आणि जर्गन्स तशाच पाठीने उतरला. ईगल्स 55-23 ने जिंकले, आणि 9 फेब्रुवारी 2025 रोजी चीफ्सना 40-22 असे हरवून सुपर बोलही त्यांनीच घेतला.

नंतर बेक्टन लॉस एंजेलिस चार्जर्सकडे गेला. त्याच्या जागेसाठी बाहेरून मोठे नाव आणले गेले नाही. 2023 मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेला अलाबामाचा टायलर स्टीन दोन वर्षे बहुतेक राखीवच बसला होता. 2025 च्या हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून उजव्या गार्डची जागा त्याला मिळाली.