क्योटोची गर्दी सोडा, सुझूला जा

जानेवारी आला की जपानमधल्या नोतोच्या भूकंपाच्या आठवणी काढणाऱ्या बातम्या येतात आणि त्याच सुमारास आपल्याकडे साकुरा म्हणजे चेरीचा बहर दाखवणाऱ्या टूरच्या जाहिराती झळकू लागतात. या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं कुणाला वाटत नाही. 2024 मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय जपानला गेले. टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका हा त्यांचा ठरलेला रस्ता. नोतो द्वीपकल्पाच्या पार टोकाला असलेलं सुझू त्यात कुठेच नसतं. ते असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

कारण तिथली भांडी. रंग नाही, वरून दिलेली झिलई नाही, तरी काळीशार. मातीत लोह भरपूर असतं. भट्टी 1200 अंशांच्या वर तापली की शेवटी तिची तोंडं बंद करतात. आत आग धुमसत असते, बाहेरची हवा मिळत नाही. मग आग मातीतल्या लोहाकडूनच ऑक्सिजन ओढून घेते आणि एरवी तांबूस झाली असती ती माती काळवंडते. जिथे लाकडाची राख उडून बसते, तिथे ती वितळून आपोआप चकाकी धरते. कुठे आणि किती, हे कुंभाराच्या पूर्ण हातात नसतं. पेला हातात घेतला की खरखरीतपणा बोटांना जाणवतो. त्यात ओतलेल्या बिअरला बारीक, दाट फेस येतो, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात.

बाराव्या शतकात ही भांडी घडू लागली. रांजण, घडे आणि आत दातेरी रेघा ओढलेली वाटण्याची कुंडी, हा मुख्य माल. मातीच्या वळ्या रचून भिंत उभी करायची आणि बाहेरून फळीने थापटायची. आपले कुंभारही मडकं थापटूनच वाढवतात. जहाजांतून हा माल पार होक्काइदोपर्यंत जाई. बुडालेल्या जहाजांतले घडे पुढे कोळ्यांच्या जाळ्यांत वर आले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मात्र हा धंदा थांबला, तो जवळजवळ पाचशे वर्षं. 1970 च्या दशकात स्थानिकांनी तो पुन्हा उभा केला.

आणि मग मे 2023 चा भूकंप. पडलेल्या भट्ट्या काहींनी परत बांधल्या. 1 जानेवारी 2024 रोजी 7.6 तीव्रतेच्या धक्क्याने त्याही पाडल्या. उत्तर किनारा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलला गेला, बंदरांचे तळ कोरडे पडले. सप्टेंबरात पुराने उरलंसुरलं धुऊन नेलं. एवढ्यानंतरही काही भट्ट्या पुन्हा पेटल्या आहेत. या चिकाटीपुढे क्योटोचं सोनेरी मंदिर मला फिकं वाटतं.

आपत्तीच्या गावी फिरायला जाणं बरं दिसतं का, हा प्रश्न रास्त आहे. पडक्या घरांचे फोटो काढायला कुणी जाऊ नये. पण ज्या गावातली तरुण मुलं भूकंपाच्या आधीपासूनच बाहेर पडत होती, तिथे गिऱ्हाईक येणं ही मदतच आहे.

टोकियोहून शिनकान्सेन ही बुलेट ट्रेन कानाझावापर्यंत अडीच-तीन तासांत नेते. पुढे सुझूची रेल्वे 2005 मध्येच बंद झाली, त्यामुळे बस किंवा भाड्याची गाडी. निघण्यापूर्वी राहण्याची सोय आणि कुठली कार्यशाळा चालू आहे, याची खात्री करून घ्या. तिथे गेलात तर एखादा पेला घ्या, थेट कुंभाराकडून, आणि घासाघीस करू नका.