न्यासाच्या हाती कारखाना

लांजा तालुक्यातील काजूप्रक्रियेसारख्या छोट्या उद्योगात संस्थापक थकला आणि मुले मुंबईत स्थिरावली, की विक्री किंवा टाळे एवढेच मार्ग दिसतात. तिसरा मार्ग कामगार न्यासाचा, म्हणजे विश्वस्तांनी कामगारांच्या हितासाठी समभाग धारण करण्याचा असून, त्यात कामगारांना पदरमोड करावी लागत नाही, तर मालकाची किंमत पुढील नफ्यातून हप्त्यांनी फिटते. अर्थात, नफा आटला तर हप्तेही थांबतात. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचा ताबा १९८८ नंतर कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला खरा, पण कारखाना आजारी पडल्यावर. ब्रिटनने २०१४ पासून न्यासाला होणाऱ्या विक्रीस करसवलत दिली. भारतात १८८२ च्या कायद्याने खासगी न्यास स्थापता येतो, मात्र विकणाऱ्या मालकाला तशी खास सवलत नाही.