परमच्या पोटातले रस्ते

म्हसवडला पाऊस पडेल का, हे गणित एकट्या म्हसवडपुरतं मांडता येत नाही. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर धो धो भिजतं, तेव्हा दुसऱ्या टोकाला म्हसवडचा माण तालुका आभाळाकडे डोळे लावून असतो. हवामानाच्या जाळीदार प्रारूपात असा मुलूख चौकोनांत कापून वेगवेगळ्या प्रोसेसरना वाटून देतात. मग शेजारच्या चौकोनातला वारा नि बाष्प कळल्याशिवाय कोणालाच पुढचं पाऊल टाकता येत नाही. निरोप रखडला, की महागडा प्रोसेसर हातावर हात ठेवून बसतो.

प्रोसेसरांची अशी फौज एकत्र राबवणारे महासंगणक पुण्यातल्या सी-डॅक या संस्थेने घडवले. तिची गोष्ट सहसा अमेरिकेने नाकारलेल्या क्रे संगणकापासून सुरू होते. १९८८ साली संस्था उभी राहिली, विजय भटकर प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक आला. यातला अभिमानाचा भाग सगळ्यांना पाठ आहे. प्रोसेसरांमधले निरोप वाहणाऱ्या तारांचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही.

‘परम ८०००’ मध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या चिप होत्या. प्रत्येकीला चार दुवे, प्रत्येकाचा वेग सेकंदाला २० मेगाबिट. दूरच्या चिपला काही सांगायचं, तर निरोप मधल्या चिपांच्या हातून पुढे सरकायचा.

पुढे सी-डॅकने ‘परमनेट’ हे स्वतःचं जाळं घडवलं. त्यात दोन दुखणी हाताळली होती. एक म्हणजे रस्त्याची रुंदी. दुसरं अधिक चिवट: निरोप पाठवताना ऑपरेटिंग सिस्टिम मध्ये पडते, माहितीच्या नकला काढते आणि वेळ खाते. त्यावर उपाय म्हणून निरोपांची उस्तवार वेगळ्या सहप्रोसेसरवर सोपवली आणि प्रोग्रामला थेट जाळ्याशी बोलू दिलं. ‘परमनेट-२’ सेकंदाला २.५ गिगाबिटवर धावलं. त्याच्या आधारावरचा ‘परम पद्म’ जून २००३ च्या जगातल्या महासंगणकांच्या टॉप-५०० यादीत १७१ वा आला. २००८ च्या ‘परम युवा’तलं ‘परमनेट-३’ १० गिगाबिटचं होतं. यादीत नंबर ६९ वा.

त्यापुढच्या ‘परम युवा-२’ मध्ये मात्र स्वतःच्या जाळ्याऐवजी बाजारातलं इन्फिनिबँड हे जाळं आलं. जगभर तयार मिळणाऱ्या जाळ्याशी खर्चात टक्कर देणं सोपं नव्हतं, तरी स्वतःचं जाळं घडवण्याची विद्या सोडून देणं परवडणारं नव्हतं. राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत सी-डॅकने ‘त्रिनेत्र’ हे नवं जाळं हाती घेतलं आहे.