वाडग्याची चीर आणि व्यापाऱ्याची वही

भिवंडी तालुक्यातील राहनाळ हे गाव आज शेतीपेक्षा गोदामांमुळे अधिक ओळखले जाते. लांबचलांब शेड, दारात उभे असलेले कंटेनर आणि दिवसभर चालणारी मालाची चढ-उतार हे या पट्ट्याचे नित्याचे चित्र. अशाच एका गोदामात पर्युषणाच्या तोंडावर लाकडी वाडग्यांची खोकी उतरली आहेत, अशी कल्पना करावी. प्रभावनेसाठी पाचशे वाडगे मागवलेले आहेत. खोकी उघडताच तीन वाडगे बाजूला काढावे लागतात. एकाच्या काठाला केसासारखी बारीक चीर आहे. दुसऱ्याच्या बुडाशी काळसर गाठ आहे. तिसऱ्याला टाचणीच्या टोकाएवढी चार-पाच भोके असून त्याखाली चिमूटभर पिवळसर पीठ सांडले आहे. वेळ थोडा आहे, पैसे दिलेले आहेत. हे दोष बुजवावेत, तसेच ठेवावेत की वाडगे नाकारावेत?

जैन परंपरेला हा प्रश्न नवा नाही. आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधातील पात्रैषणा या अध्ययनात साधूला तुंब्याचे, लाकडाचे किंवा मातीचे पात्र घेण्याची अनुमती असून मौल्यवान धातूंची पात्रे वर्ज्य आहेत. ओघनिर्युक्तीत पात्राच्या लक्षणांचा विचार आहे. गोल, सम आणि स्थिर पात्र ग्राह्य. वेडेवाकडे किंवा फुटलेले पात्र अग्राह्य. दिगंबर मुनी हातांच्या ओंजळीतच आहार घेतात. परंतु श्वेतांबर साधू-साध्वींच्या गोचरीची लाकडी पात्रे आजही चरकावर कातूनच तयार होतात. त्यांचे रोज पडिलेहण होते. पात्रात भेग असेल तर तिच्यात अन्नाचा कण अडकतो, ओल टिकते आणि जीवोत्पत्ती होते. म्हणजे येथे दोषाची कसोटी सौंदर्याची नसून जयणेची आहे.

प्रथम चिरेचा विचार करू. ताज्या लाकडात पाणी भरपूर असते. ते उडून जात असताना, साधारणपणे पंचवीस ते तीस टक्के ओलाव्याच्या खाली, लाकूड आकसू लागते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. वार्षिक वलयांच्या कडेकडेने ते सर्वाधिक, गाभ्यापासून सालीकडे त्याच्या सुमारे निम्मे आणि खोडाच्या उंचीत अगदी नगण्य असते. या ओढाताणीतून गाभ्याकडून बाहेर जाणारी भेग पडते. म्हणूनच जाणता कातारी मधला गाभा टाकून देतो, वाडगा आधी जाडसर कातून काही महिने सावलीत वाळवतो आणि मगच त्याला अंतिम आकार देतो. घाईने उरकलेला वाडगा कोरड्या प्रदेशातून कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत आला की फुगतो आणि हिवाळ्यात पुन्हा आकसतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्के असताना लाकडात सुमारे नऊ टक्के ओलावा राहतो. ऐंशी टक्क्यांना तो सुमारे सोळा टक्क्यांवर जातो. लाकूड असे हलत असताना भेगेत भरलेला कडक लांबा हलत नाही. म्हणून बुजवलेल्या चिरेच्या शेजारीच नवी चीर उघडते.

चीर वरवरची आहे की आरपार, हे ओळखण्याची रीत आजीच्या काळातील मडके पारखण्यासारखीच आहे. टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर लाकूड एकसंध समजावे. बसका आवाज आला तर भेग खोल आहे असे मानावे. खोल भेगेचा वाडगा पुन्हा चरकावर चढवणे धोक्याचे असते. वेगाने फिरताना तो फुटून कारागिराच्या चेहऱ्यावर आदळू शकतो. माल वाचवण्याच्या नादात हा धोका दुसऱ्याच्या माथी मारणे अहिंसेत बसत नाही. भेग स्थिर झाली असेल तर तिच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी पट्टी बसवून तिचे वाढणे रोखता येते. असा वाडगा सुकामेवा ठेवण्यास चालतो. ओल्या पदार्थासाठी चालत नाही.

गाठीचा प्रश्न वेगळा आहे. गाठ म्हणजे खोडात गुरफटलेले फांदीचे मूळ. जिवंत फांदीची गाठ भोवतालच्या लाकडाशी एकजीव असते. ती दोष नसून त्या झाडाची खूण आहे. मेलेल्या फांदीची गाठ मात्र सालीच्या कड्यात सैल बसलेली असते आणि केव्हाही निखळते. अंगठ्याने दाबून पाहावे. हलली नाही तर तशीच ठेवावी. हलली तर काढून चिकटवावी किंवा वाडगा बाजूला करावा.

येथे व्यापारी कुटुंबाने एक प्रश्न आवर्जून विचारला पाहिजे: बुजवले कशाने? भुसा आणि सरस यांचा लांबा ही जुनी रीत. पण पारंपरिक सरस जनावरांची हाडे आणि कातडी उकळून काढतात. चकाकीसाठी लावलेला चपडा हा लाखेच्या किड्यांचा स्राव असून तो मिळवताना असंख्य जीव मरतात. वंदित्तु सूत्रात आणि उपासकदशांगात सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहेच. मेण मधमाशांचे असू शकते. याला पर्याय आहेत. कृत्रिम राळेचा लांबा, जवसाचे वाळणारे तेल आणि कार्नोबा या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरील मेण प्राणिज नाहीत. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे गोळा करून ठेवले तर ते आपोआप तापून पेट घेतात. गोदामात ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

सर्वांत कठीण निर्णय तिसऱ्या वाडग्याचा. भोके जुनी असतील आणि झटकल्यावर पुन्हा पीठ पडत नसेल, तर कीड बाहेर पडून गेली असण्याची शक्यता अधिक. ताजे पीठ पडत असेल तर आत अळ्या जिवंत आहेत. अशा वेळी भोके बुजवणे म्हणजे जीवाला आतच कोंडणे होय. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का दिसतो. त्याचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत किमान 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवलेले आहे. तो उपाय किडीचा नाश करण्यासाठीच आहे. म्हणून श्रावकाचा खरा निर्णय खोके उघडल्यावर होत नाही. तो मागणी नोंदवतानाच व्हावा लागतो. आंब्यासारखे मऊ लाकूड आणि कोणत्याही झाडाचा बाहेरचा फिकट भाग किडीला लवकर बळी पडतो. सागाच्या गाभ्यातील लाकूड सहसा टिकते. त्याचा, आणि नीट वाळवलेल्या मालाचा, भाव चार पैसे जास्त असतो. ते चार पैसे हिंसा टाळण्याची आगाऊ तरतूद समजावेत. आलेला किडका वाडगा मात्र वाटू नये, विकू नये. इतर लाकडापासून दूर स्वतंत्र ठेवून पीठ पडणे पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. त्याला वर्षही लागू शकेल.

राहता राहिला मुद्दा सांगण्याचा. चीर बुजवणे हा गुन्हा नाही. बुजवून, रंगवून, अखंड म्हणून विकणे हा दोष आहे. अस्तेय अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे नकली ते अस्सल म्हणून खपवणे, स्पष्टपणे गणलेला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हाही वस्तूच्या दर्जातील उणिवेला दोषच मानतो. कायदा तक्रारीनंतर जागा होतो. व्रत विक्रीपूर्वी जागे असते. बिलावर ‘काठाची चीर पट्टीने बांधली आहे, कोरड्या वापरासाठी’ एवढी एक ओळ लिहिली आणि त्यानुसार भाव कमी केला, की तोच वाडगा स्वच्छ व्यवहाराचा होतो.

तेव्हा राहनाळच्या त्या गोदामातील हिशेब असा लागतो. गाठीचा वाडगा प्रभावनेत जातो. चिरेचा वाडगा दुरुस्तीची ओळ घेऊन कमी भावाने जातो. भोकांचा वाडगा जात नाही. त्याची रक्कम नुकसान म्हणून खतावली जाते. पाचशेंच्या मागणीत दोन नग कमी भरतात. ज्या घरी प्रभावना आहे तेथे तसे आधीच कळवावे.