पाहिलेले लिहून ठेवावे



गणपतीपुळ्यास जाणारे आपले पुष्कळ सभासद जवळच्या मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहून येतात. केशवसुत १९०५ साली वारले. त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले ते त्यांच्यामागे. कोकणातल्याच वरसईच्या विष्णुभट गोडसे भटजींचेही तसेच झाले.

घरात कर्ज, म्हणून दक्षिणेच्या आशेने भटजी १८५७ साली काकांबरोबर उत्तरेस निघाले, आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा, लूट सारे डोळ्यांदेखत घडले. पैसा हाती राहिला नाही; आणली ती गंगेची कावड.

पुढे पंचवीसएक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला, तेव्हा भटजींनी आठवून आठवून सगळी हकिकत मोडीत लिहिली. पुस्तक लिहिण्याची ही पहिलीच वेळ. घरी ओटीवर बसून सांगावे तसे लिहिले. सरकारच्या भीतीने ते तसेच राहिले. ‘माझा प्रवास’ छापून आले १९०७ साली. तोवर भटजी गेले होते. आज सत्तावन्नचा इतिहास लिहिणारे त्यांचा आधार घेतात.

मंडळी, लागणीची तारीख, पाण्याची पाळी आपण वहीत टिपतोच. त्याच वहीत मागल्या बाजूने रोज एक पान लिहा. वारी, परिक्रमा, कारखान्याच्या वाटेवरच्या बैलगाडीच्या खेपा, काहीही चालेल. छापले न छापले, नातवंडे तरी वाचतील.

– ऊस विकास अधिकारी