काखेत कळसा : पाटाच्या वाटेवरची सकाळची धाव



हंगाम ऐन भरात आला की पहाटेच्या अंधारात कारखान्याच्या रस्त्यावर दोन तऱ्हेची रहदारी सुरू होते. एक उसाच्या गाड्यांची, आणि दुसरी धावणाऱ्या पोरापोरींची. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी सैन्याची. पायांत मिळेल ते बूट, आणि समोरून डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर. गेल्या हंगामात आमच्या शिवारातल्या अशाच एका पोराला धुक्यात ट्रॉलीचा धक्का लागला. जीव वाचला, पण पायाचे हाड मोडले आणि भरतीचे ते वर्ष हातचे गेले. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर नव्हता. अन् खरे सांगायचे तर ती ट्रॉली कुणा परक्याची नव्हती. तीत आपल्यापैकीच एका सभासदाचा ऊस होता. तेव्हापासून जे मनात घोळत होते, ते आज लिहीत आहोत.

पोरांनी पळू नये असे तर कुणी म्हणणार नाही. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तालुक्याच्या मैदानावर रोज जायचे तर एस.टी.चे भाडे अन् वेळ दोन्ही जातात. म्हणून पोरे डांबरी सडक धरतात. पण गावाला लागून दुसरी एक वाट आहे, तिच्याकडे आपले लक्षच नाही. ती म्हणजे पाटाच्या कडेची वाट. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत झाली आहे.

पाटाची वाट

आपला जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर, हा पाटपाण्याचा जिल्हा. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यावर येते आणि तिथून डावा-उजवा असे दोन कालवे निघतात. गोदावरीचे कालवे नांदूर मधमेश्वरहून कोपरगाव-राहात्याकडे येतात. मुळा धरणाचे पाणी राहुरी-नेवाशाकडे जाते. निळवंड्याच्या पाण्यासाठी तर दुष्काळी गावांनी पिढ्या खर्ची घातल्या. त्याच्या ८५ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. मॅरेथॉन शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. म्हणजे या एका कालव्यावर दोन मॅरेथॉन बसतात आणि वर थोडे अंतर उरते.

या कालव्यांच्या कडेने पाटबंधारे खात्याने पाहणीसाठी वाट ठेवलेली असते. पाटकरी तिच्यावरून फिरतो आणि आवर्तन सुटले की आपणही बारे धरायला तिच्यावरूनच जातो. धावणाऱ्याला ही वाट का बरी, हे ज्याने पाट पाहिला त्याला सांगावे लागत नाही. पाटाच्या पाण्याला उतार फार थोडा दिलेला असतो. म्हणून ही वाट एकदम चढत नाही की उतरत नाही, डोंगर आडवा आला तर वळसा घालून जाते. नव्या माणसाला दम राखून पळायला अशी सपाटी हवी असते. खाली माती असली की डांबरापेक्षा गुडघ्याला हिसका कमी बसतो. कडेला बाभळी-लिंबाची सावली असते. आणि मुख्य म्हणजे मागून भोंगा वाजत नाही.

परमुलखातले दाखले

कालव्याची वाट पायांसाठी वापरावी, ही काही आम्ही काढलेली टूम नव्हे. फ्रान्स देशाच्या दक्षिणेला ‘कनाल द्यु मिदी’ नावाचा कालवा आहे. तुलूज शहरापासून समुद्राकडे तो सुमारे २४० किलोमीटर जातो. १६६६ साली काम सुरू झाले आणि १६८१ साली कालवा खुला झाला, म्हणजे आपल्याकडे शिवरायांचा काळ. त्यातून धान्याच्या, दारूच्या पिंपांच्या नावा जात. या नावा काठावरून घोडे ओढीत, आणि घोड्यांसाठी काठाने वाट राखलेली होती. पुढे आगगाडी आली, मोटारी आल्या, नावांचा धंदा बसला. वाट मात्र त्या लोकांनी मोडली नाही. आज तिच्यावरून माणसे चालतात, धावतात, सायकली चालवतात, आणि दोन्ही अंगांना द्राक्षबागा पसरलेल्या असतात. काठच्या जुन्या झाडांना २००६ पासून बुरशीचा रोग लागला आणि हजारो झाडे तोडावी लागली. तरी नवी झाडे लावून सावली परत आणण्याचे काम चालू आहे.

त्याच देशात बोर्दो शहराजवळ मेदोक नावाचा द्राक्षपट्टा आहे. तिथे १९८५ पासून द्राक्षतोडणीच्या सुमारास, सप्टेंबरात, मॅरेथॉन भरते. हजारो लोक सोंगे घेऊन धावतात आणि वाट बागाईतदारांच्या मळ्यांतून, त्यांच्या वाड्यांसमोरून जाते. वाटेत पाण्याबरोबर वाईनचे पेलेही मिळतात. तो भाग आपण सोडून देऊ, आपल्याकडे वारकऱ्यांचे गाव आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. पिकाच्या ऐन धांदलीत तिथला शेतकरी धावणाऱ्याला आपल्या मळ्यातून वाट देतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आणि पायी चालण्याचा धडा घ्यायला आपल्याला फ्रान्सला जाण्याचीही गरज नाही. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून पंढरीला जाते. धावण्याचे म्हणाल, तर आपल्या शिवेला लागून आष्टी तालुका आहे. तिथल्या मांडव्याचा अविनाश साबळे हा शेतकऱ्याचा पोर. शाळेला गाडी नव्हती, म्हणून लहानपणी रोज सहा किलोमीटर पायी किंवा पळत जाई. पुढे तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले, आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याची पहिली धाव गावाकडच्या वाटेवरच झाली होती.

साखर गोदामात बरी, रक्तात नव्हे

हे सारे पोरांपुरतेच आहे, असे समजून सभासदांनी पान उलटू नये. आपले वडील पाण्याची पाळी धरायला रात्री कंदील घेऊन पाटाने कोस-दोन कोस चालत. आपण मोटारसायकलीवर जातो, बटण दाबून मोटार सुरू करतो आणि परत येतो. नांगरट ट्रॅक्टर करतो, तोड टोळी करते. शेतकरी म्हणवून घेतो, पण दिवसभरात अंगाला घाम येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. हा आजार आता शहरापुरता राहिलेला नाही, हे गावच्या औषधाच्या दुकानात उभे राहिले तरी कळते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे झपाझप चालावे. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. पाटाने पुलापर्यंत जाऊन परत यावे, एवढेच. ज्यांना रक्तदाब, हृदयाचा त्रास वा साखर आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि एकदम पळायला लागू नये. महिना दोन महिने चालावे, मग थोडे पळावे, थोडे चालावे.

जपून असावे

पाटाची वाट चांगली असली तरी बेफिकीर होऊन चालणार नाही. आपल्या उसात बिबट्या राहतो, हे काही गुपित नाही. अकोले भागात ऊसपट्ट्यात झालेल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले होते, आणि तो निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९ साली काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या तर माळशेजहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पायी गेला. चालण्यात तो आपल्याला ऐकणार नाही! थट्टा बाजूला ठेवू. आपल्या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसे आणि लहान लेकरे दगावली आहेत. म्हणून उभ्या उसाच्या कडेने अंधारात एकट्याने पळू नये. चांगले उजाडू द्यावे, चौघे-पाच जण मिळून जावे, हातात काठी-बॅटरी असावी, बोलत जावे. माग दिसला तर त्या दिवशी वाट बदलावी आणि वनखात्याला कळवावे.

दुसरा धोका पाण्याचा. अस्तरीकरण केलेल्या पाटाच्या बाजू शेवाळलेल्या असतात. भरल्या आवर्तनात पाय घसरला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पळण्याची जागा पाण्याच्या धारेवर नसावी, शेताच्या अंगाने असावी. घाम धुवायला पाटात उतरू नये.

आमची विनंती

शेवटी मुद्द्याचे. सभासदांकडे आमचे मागणे तीनच गोष्टींचे आहे. पहिली, आपला ऊस ज्या गाडीत, ट्रॉलीत भरला जातो, तिला मागे लाल रिफ्लेक्टर आहे की नाही हे भरण्याआधी स्वतः पाहावे. कारखाना सांगेल तेव्हा, असे म्हणू नये. दुसरी, आपल्या हद्दीलगत पाटाच्या वाटेवर पाचट, काटेरी कुंपण, पाइप, नादुरुस्त अवजारे टाकली असतील तर काढून घ्यावीत. तिसरी, मुली पळायला निघाल्या तर नावे ठेवू नयेत. त्यांच्या आया-मावश्यांनी चालायला सोबत जावे. मुलींना सोबत होईल आणि आयांच्याही गुडघ्यांचे भले होईल.

तो मोडलेल्या पायाचा पोर आता पुन्हा चालू लागला आहे. परवा आम्हाला पाटावर भेटला. हळूहळू, पुलापर्यंत जाऊन परत येत होता. म्हणाला, “यंदा नाही जमलं, पुढच्या भरतीला जमवीन.” आम्ही त्याच्याबरोबर पुलापर्यंत गेलो. वाटेत एके जागी पाचटाचा ढीग आडवा होता, म्हणून त्याला खाली शेतात उतरून, लंगडत वळसा घालावा लागला. ढीग कुणाचा होता ते आम्ही लिहीत नाही. ज्याचा आहे, त्याने उद्या सकाळी काढावा.